मागची काच आणि भाभींची अट

उद्यमनगरात काचा बसवणाऱ्या भाभी आहेत, त्यांच्यामुळं मी आज या गावात नोकरीला आहे. हे आधी लिहून टाकतो. पुढं माझाच मूर्खपणा इतका येणार आहे की त्या गडबडीत भाभींचं राहून जाईल. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. त्या गल्लीत नुसतं भाभी म्हटलं तरी कुणीही हात करून दुकान दाखवतं. सासऱ्यांपासूनचं दुकान आहे. आता गिऱ्हाईकही त्याच बघतात आणि काचही त्याच बसवतात. दोन्ही हातांवर बारीक बारीक जुने कापल्याचे वण आहेत.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली, ट्रॅक्टरवर बसलो, मग पिकअप चालवली, आणि ओळखीच्या एका माणसानं कोल्हापुरात एका घरी ड्रायव्हर म्हणून लावून दिलं. मालकांचा शिरोलीला लहानसा कारखाना आहे. गाडी इलेक्ट्रिक, उंच, पांढरी, बघत राहावी अशी. राहायला घरामागची खोली दिली. गावाकडं माझं राहतं घर असं काही उरलेलं नाही, त्यामुळं नोकरी गेली की खोली गेली आणि खोली गेली की मी रस्त्यावर, एवढा सरळ हिशेब होता. मालकांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, "गाडी घासली तर घासू दे. पण मला ते तुझ्या तोंडनं कळलं पायजे, दुसऱ्याकडनं न्हाई." माझ्या आधीचा ड्रायव्हर एका खरचट्यावर गेला. खरचट्यावर म्हणजे, लपवलेल्या खरचट्यावर.

हे सगळं मला पाठ होतं. तरी केलं.

माझी धाकटी बहीण आणि दाजी दरवर्षी ऊसतोडीला या बाजूला येतात. यंदा त्यांची टोळी बिद्रीच्या रस्त्याला उतरली होती. बहिणीला मी ड्रायव्हर आहे हे माहीत होतं, पण तिच्या डोक्यात ड्रायव्हर म्हणजे ट्रॅक्टरवरचा. तिला मी फोनवर गाडी समजावून सांगायचो, ती हूं हूं करायची. त्या आठवड्यात मालक आणि वहिनी मुलाकडं पुण्याला गेले होते. जाताना म्हणाले, चार्जिंग बघत राहा, दोन दिवसाआड फडकं मार. गाडी बाहेर काढू नको असं काही म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती, हे मलाही कळत होतं. मंगळवारी दुपारी फडकं मारून गाडी चकचकीत केली आणि निघालो बिद्रीच्या रस्त्याला.

बहीण गाडीत बसताना चपला बाहेर काढून बसली. म्हटलं, अगं आत घे. तर म्हणते, "राहू दे दादा, माती हाय. मालक बोलंल तुला." तिला एसी लावून दिला. फडापासून डांबरी रस्त्यापर्यंत एक चक्कर मारली. ती नुसती सीटवरून हात फिरवत होती. परत आलो आणि गाडी वळवायची म्हणून मागं घेतली.

मागं उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. ती मला दिसत होती. मागं घेताना पुढच्या स्क्रीनवर मागचं सगळं दिसतं, हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा येतात. रेषेप्रमाणं ट्रॉली अजून चांगली लांब होती. पीप पीप वाजत होतं, तेही निवांत. आता हे ज्याला या भागात असली गाडी चालवायची आहे त्यानं नीट वाचावं. कॅमेरा असतो नंबरप्लेटच्या वर, कमरेएवढ्या उंचीला. त्याला ट्रॉलीचं चाक आणि फाळका, म्हणजे मागची फळी, एवढंच दिसतं. वर भरलेला ऊस फाळक्याच्या बाहेर हात-दीड हात आलेला असतो, आणि तो बरोब्बर काचेच्या उंचीला असतो. स्क्रीनवर ऊस नव्हता, म्हणून माझ्या लेखी ऊस नव्हताच. सहा वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस मी. त्या सहा वर्षांत मान वळवून बघितल्याशिवाय वीतभर मागं आलो नव्हतो.

काच फुटल्याचा आवाज फार मोठा नसतो. ज्वारीचं पोतं सांडावं तसा झाला.

दाजी धावत आले, टोळीतली माणसं गोळा झाली. एक कुणी म्हणाला, "किती चालती ही एका चार्जिंगला?" पुढच्या पाच दिवसांत हा प्रश्न मला कमीत कमी तीस माणसांनी विचारला. गाडीच्या मागं भलं मोठं भगदाड, आणि माणसं विचारणार, किती चालती.

बहीण मात्र कामाला लागली. उसाच्या पाचटाची जुडी केली, डिक्कीतला सगळा चुरा झाडून खताच्या रिकाम्या पिशवीत भरला, घागरभर पाणी आणून मागची बाजू धुऊन काढली. "घाण नगं दिसाया," म्हणाली. मला बरं वाटलं. गाडी स्वच्छ तर झाली. फुटलेली काच आधी फोटो काढल्याशिवाय झाडायची नसते, हे आम्हा दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आमच्याकडं काही सांडलं, फुटलं की आधी झाडतात.

मेणकापड चिकटपट्टीनं लावून परत निघालो. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळं कोल्हापूर येईपर्यंत त्या मेणकापडाचा फडफडाट एकटाच ऐकत आलो. तेवढ्या वेळात ठरवलं की रविवारी मालक यायच्या आत गुपचूप काच बसवायची. काच म्हणजे काच. कुणाला कळणार आहे?

बुधवारी सकाळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरची मुलगी चांगली होती, तिनं विचारलं गाडी कुणाच्या नावावर आहे, आणि म्हणाली त्यांच्या मोबाईलवर एक ओटीपी जाईल तो सांगा. म्हटलं, येतो थोड्या वेळानं. बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. या गाडीचं काहीही करायला जावं तर ते मालकांच्या फोनवरच जाऊन पडतं.

मग फिरलो दुकानं. पहिल्यानं गाडी बघितली आणि हात मागं घेतले. "इलेक्ट्रिक हाय व्हय? न्हाई बाबा. काचंत करंट असतोय." म्हटलं, अहो बॅटरी खाली आहे, काचेत कुठला करंट. तर म्हणाला, "मग त्या काचंवरच्या तांबड्या रेघा कशाच्या?" ते मला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं, पण त्याच्या भीतीला निदान कारण होतं, माझ्या शहाणपणाला तेही नव्हतं. दुसरा अगदी उलट. "रेघा असल्या काय नसल्या काय, काच बसल्याशी मतलब. उद्यमनगरात भाभींकडं या मापाची साधी काच पडून असंल, घेऊन या, संध्याकाळपतूर बसवून देतो." मला तोच हुशार वाटला.

अशा रीतीनं मी भाभींच्या दुकानासमोर गाडी लावली आणि साधी काच मागितली.

भाभींनी गाडीला एक फेरी मारली. "पावणं, ही चिकटपट्टी कुणी लावली?"

"मीच."

"रंगावर लावलीसा. काढताना रंग घिऊन येती ही. कागदाची पट्टी लावायची असती." मग वाकून कडेच्या रबरात बघितलं. "कशानं फुटली?"

म्हटलं, पोरांनी दगड मारला.

त्यांनी नखानं रबरातून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. उसाची साल होती, वीतभर. "कोल्हापुरात दगडाला बी उसाची साल असतीया व्हय?"

मी साल मुठीत धरली.  मग म्हणाल्या, "गाडी तुमची न्हाई."

"मालकांची."

"मालकास्नी सांगितलासा?"

"रविवारी येणार आहेत. त्याच्या आत झालं तर..."

"मग काच न्हाई मिळायची," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन स्टुलावर बसल्या.

मी मागं गेलो. विनवण्या केल्या, मालकांचं पहिल्या दिवशीचं बोलणं सांगितलं, गावचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, आठवी सांगितली. आठवी का सांगितली मला आजही कळत नाही. त्या ऐकून घेत होत्या आणि एका आरशाला चौकट लावत होत्या. मग म्हणाल्या, "हे बघा. साधी काच बसवली तर पावसाळ्यात मागचं धुकं जायाचं न्हाई, त्या रेघा त्यासाठीच असत्यात. मागल्या काचंतच रेडिओचा एरिअल असला तर रेडिओ खरखरणार. मालक बटण दाबणार, काय होणार न्हाई. मग सर्व्हिसला नेणार, आणि तिथला माणूस सांगणार, काच बदललीया. म्हंजे दुसऱ्याकडनंच कळणार की. आणि विम्याच्या कागदावर तुमचा दगड लिवला, आणि बघायला आलेल्या माणसानं माझ्यागत साल काढली, तर खोटा कोण ठरतोय? तुम्ही? न्हाई. सही मालकाची असती."

हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी मंगळवारपासून फक्त माझ्या नोकरीचा विचार करत होतो.

"माझी अट एकच हाय," भाभी म्हणाल्या. "आधी फोन करायचा. मग मी गाडीला हात लावणार. भाईर जाऊन करा, मला ऐकायचं न्हाई."

मी गल्लीत तीन वेळा मालकांचं नाव काढलं आणि तीन वेळा फोन खिशात घातला. चौथ्यांदा लागला.

"मालक, गाडीची मागची काच फुटली."

"कुठं?"

"बिद्रीच्या रस्त्याला. बहीण टोळीत आहे, तिला गाडी दाखवायला नेली होती. न विचारता. मागं घेताना उसाच्या ट्रॉलीला लागली. चूक माझीच आहे. आत्ता काचेच्या दुकानाबाहेर उभा आहे."

 मग मालक म्हणाले, "काल दुपारी गाडी बिद्रीच्या रस्त्याला होती ते मला कालच कळलं. मोबाईलवर दिसती. मी वाट बघत होतो, तू कधी सांगतोस."

 कालपासून मी ज्या गाडीचं लपवत फिरत होतो, ती गाडीच सगळं सांगून बसली होती.

"काच मला दिसत नव्हती पण," ते म्हणाले. "नोकरीचं रविवारी आल्यावर बघू. आता तिथल्या माणसाला फोन दे."

भाभींनी फोन घेतला, दहा मिनिटं बोलल्या, आणि मला म्हणाल्या, "बसा. आता खरं काम सुरू."

त्या खऱ्या कामानं मला रविवारपर्यंत पिळून काढलं. विम्याला फुटलेल्या काचेचा फोटो पाहिजे, आणि आम्ही काच झाडून, धुऊन बसलो होतो. नशिबानं कडेला अडकलेले दातेरी तुकडे आणि खताची पिशवी होती. भाभींनी पिशवी डिक्कीत ठेवून फोटो काढले. पिशवीवर खताचं नाव मोठ्या अक्षरात, ते बघून विमावाल्याचा फोन आला, हे काय आहे. भाभींनी सांगितलं, काच आहे. तो म्हणाला, काच पिशवीत कशी. भाभी म्हणाल्या, "माणसं स्वच्छ हाईत, काय करणार."

मग कोणती काच मागवायची? "आधीच्या काचंचा फोटो हाय का?" म्हणून विचारलं. होता माझ्याकडं. गाडीला पाठ टेकून उभा राहून काढलेला, गावाकडं पाठवायला. भाभींनी माझा हसरा चेहरा बोटानं बाजूला सारला आणि माझ्या कोपराजवळचा काचेचा कोपरा मोठा केला. तिथं बारीक अक्षरात काचेवरचा मजकूर होता, तो अर्धा वाचता आला. बाकी चासीस नंबरवरून मागवली. "गाडीचं नाव सांगून मागवायची न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्या गाडीची पेट्रोलची बी असती. बाहेरनं सारखीच. वायरी येगळ्या असू शकत्यात."

शुक्रवारी काच आली. पेट्रोलच्या गाडीची. पाठवणाऱ्यानं चासीस नंबर बघितलाच नव्हता, गाडीचं नाव बघून पाठवली. मी कपाळावर हात मारून बसलो. भाभींनी खोक्यावर मोठं "परत" लिहिलं आणि जेवायला गेल्या.

त्या दुपारी आणखी एक झालं. तुकडे यंत्रानं नीट शोषून काढायचे म्हणून डिक्कीचं दार सकाळपासून उघडं होतं, आतला दिवा जळत होता. दुपारी गाडी सुरूच होईना. स्क्रीन काळी, दार कुलूप घेईना. मी घाबरून गेलो. ऐंशी टक्के चार्जिंग होतं, मी स्वतः बघितलं होतं. शेजारचा वायरमन आला, बघितलं आणि हसायला लागला. या गाडीला मोठ्या बॅटरीशिवाय एक लहान बॅटरी असते, साध्या गाडीसारखी. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी उठत नाही. त्यानं दुसऱ्या बॅटरीवरून ती उठवली. जाताना विचारलं, "किती चालती हो ही एका चार्जिंगला?"

शनिवारी दुपारी बरोबर काच आली. भाभींनी जुना डिंक पात्यानं सपाट कापला, सगळा उपसला नाही, पातळ थर ठेवला. कड पुसली, काळा द्रव लावला, वाळू दिला. दोन्ही बाजूंच्या वायरी जोडून बघितल्या, बटण दाबलं, आणि मला तळहात काचेवर ठेवायला लावला. थोड्या वेळानं रेघा कोमट लागल्या. मग जाड पट्टा डिंकाचा सोडला, रबरी कप लावून त्या आणि त्यांच्या हाताखालचा पोरगा दोघांनी काच उचलली आणि एका दमात बसवली. वर कागदी पट्ट्या लावल्या.

"आता दारं आपटायची न्हाईत. पुढची काच चार बोटं खाली ठेवायची, म्हंजे आतली हवा काचंला ढकलत न्हाई. दोन दिवस धुवायची न्हाई. उद्या दुपारपतूर गाडी हितंच."

म्हणजे रविवारी मालक येणार तेव्हा गाडी दुकानात असणार होती. मला वाटलं होतं ती घरासमोर, फडकं मारलेली, पूर्ण झालेली असेल, आणि मग मी मान खाली घालून उभा राहीन. तेवढंही जमलं नाही.

रविवारी मालक स्टँडवरून थेट रिक्षानं उद्यमनगरात आले. बॅग हातात. गाडीभोवती फिरले, नवी काच बघितली, डिक्कीचं दार उघडलं, आतून हात फिरवला आणि दार आपटायला हात वर नेला.

"आपटू नका," भाभी आतून म्हणाल्या. "दुपारपतूर थांबायला पायजे."

मालकांचा हात तसाच थांबला. त्यांना कुणी असं सांगत नाही. त्यांनी दार हळू टेकवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"बहिणीला आवडली का गाडी?"

"आवडली."

"एसी लावलातास?"

"लावला."

"म्हंजे चार्जिंग तिथं गेलं." मग भाभींना म्हणाले, "ह्यानं तुम्हाला काय सांगितलं होतं, कशानं फुटली म्हणून?"

 भाभी काय बोलतील ते मला माहीत होतं. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत.

"पैलं दगड म्हणाला," भाभी म्हणाल्या. "मग खरं सांगितलं. चार दिवस हितं बसून हाय, येळेवर जेवला बी न्हाई. खोटं नीट बोलता येत न्हाई त्याला. तसला ड्रायव्हर बरा असतोय, लगीच सापडतोय."

मालक हसले नाहीत. बॅग उचलून माझ्या हातात दिली. "किल्ली आता रात्री घरात राहील. सकाळी मागून घ्यायची. उद्या आठला कारखान्यावर जायचंय."

उद्या आठला, म्हणाले. मी बॅग घेऊन उभाच राहिलो.

पुढं महिनाभर मला डिक्कीच्या गालिच्यात काचेचे खडे सापडत राहिले, आणि दार बंद केलं की आत कुठंतरी एक खडा खडखडायचा. तो काढायला म्हणून भाभींकडं गेलो. त्यांनी दाराचं आतलं कव्हर उघडलं, खडा काढला आणि चहा सांगितला. बोलता बोलता म्हणाल्या, तुम्ही बहिणीला भेटायला तरी गेलासा, काच फोडून का असंना. त्यांची थोरली बहीण निपाणीला असते. तासाभराचाही रस्ता नाही. दोन वर्षं झाली गेल्या नाहीत. नवऱ्याची पाठ धरते, एसटीत बसवत नाही, आणि त्यांना एकटं सोडून जाता येत नाही.

मी तेव्हा काही बोललो नाही, कारण बोलून न करणाऱ्यांतला मी आहे अशी त्यांची माझ्याबद्दल समजूत व्हायला नको होती. पण इथं लिहून ठेवतो. एक दिवस भाभींना आणि त्यांच्या नवऱ्याला या गाडीत मागं नीट टेकून बसवून निपाणीला नेणार, आणि त्यांच्या बहिणीच्या दारात उतरवणार. आधी मालकांना विचारणार, मगच.